झाकली मूठ आणि डिजिटल रुपया

पूर्वी बंडीला आतल्या बाजूने एक छोटा खिसा शिवून घ्यायची पद्धत होती. त्याला नाव चोरकप्पा. गंमत बघा, हा चोरकप्पा शिवून घेणारा माणूस कधी चोर नसायचा. आठवड्याच्या बाजाराला, लग्नकार्याला नाही तर वारीला निघालेला तो चांगला सरळमार्गी गृहस्थ असायचा. आपल्याजवळ किती पैसे आहेत आणि ते कुठे आहेत हे चारचौघांना कळू नये, एवढीच त्याची इच्छा. बायकांच्या पदराची गाठ, कनवट आणि स्वयंपाकघरातला डाळीचा डबा ही त्याच चोरकप्प्याची भावंडं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. मुठीत खरं तर दहाचीच नोट असते. पण मूठ झाकलेली असते तोवर माणसाची पत राहते. पैशाचं असं झाकलेलं असणं हे लबाडीचं लक्षण आहे असं आपल्या आजी-आजोबांना कधी वाटलं नाही. त्यांच्या लेखी तो शहाणपणा होता.

आता पैसा मोबाइलमध्ये आला. मग मोबाइलला चोरकप्पा असतो का? हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण बंगळुरूच्या बेकरीवाल्यांना आणि चहाच्या टपरीवाल्यांना तो २०२५ च्या जुलैमध्ये चांगलाच महागात पडू पाहत होता.

क्यूआर कोड उतरले, पाट्या लागल्या

मोबाइलवरून पैसे देण्यात बंगळुरू हे शहर कायम चार पावलं पुढे. गांधी बाजारात हातावर मापून फुलांची माळ देणारी बाई असो की दर्शिनीतला कॉफीवाला, समोर ठिपक्यांच्या नक्षीचा क्यूआर कोड असायचाच. शेजारी तो बोलका डबा. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले रे पाठवले, की किती रुपये आले ते सगळ्या दुकानाला ओरडून सांगणार! कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, खोट्या नोटेची भीती गेली. चांगलंच झालं होतं.

आणि मग कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा आल्या. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा जास्त झाली, किंवा सेवेची २० लाखांपेक्षा जास्त झाली, तर जीएसटीची नोंदणी करावी लागते. खात्याने २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंतची यूपीआयची आकडेवारी मागवली, कुणाकडे किती रक्कम जमा झाली ते पाहिलं आणि ज्यांची नोंदणी नव्हती त्यांच्याकडे खुलासा मागितला. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या हातात तर सुमारे २९ लाख रुपयांच्या कराची नोटीस पडली. ताज्या भाजीवर जीएसटी नसतोच, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. पण यूपीआयच्या यादीत फक्त रक्कम दिसते. त्या रकमेत भेंडी होती की बिस्किटं, ते दिसत नाही.

बघता बघता बंगळुरूच्या दुकानांतले क्यूआर कोड उतरले. त्या जागी 'यूपीआय नको, रोख द्या' अशा पाट्या लागल्या. छोट्या व्यापाऱ्यांनी २५ जुलैला बंदची हाक दिली. अखेर २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली. करमुक्त माल विकणाऱ्यांकडून कर घेणार नाही, जुन्या थकबाकीसाठी तगादा लावणार नाही, मात्र ज्यांना लागू आहे त्यांनी नोंदणी करावी, असा तोडगा निघाला आणि बंद मागे घेण्यात आला.

आता सरळ विचार केला तर खात्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ज्याची कमाई मोठी त्याने कर भरायलाच हवा. नाही तर प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या शेजारच्या दुकानदारावर तो अन्याय. नोटीस म्हणजे अंतिम वसुली नव्हे, खुलासा करा, असंही खात्याने सांगितलं होतं. पण टपरीवाल्याच्या बाजूने पाहा. त्याच्या खात्यात चहाचे पैसे येतात, मेव्हण्याने दिलेले हातउसने येतात, भिशीचे येतात, शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने पाठवलेलेही येतात. यंत्राला हे सारे सारखेच. एरवी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. इथे चार वर्षांपूर्वीचा प्रत्येक रुपया कुठून आला, हे टपरीवाल्यानेच सांगायचं!

सोयीसाठी म्हणून लावलेला कागदाचा तुकडा चार वर्षं आपली टाचणं काढत होता, ही गोष्ट त्या माणसांना जास्त झोंबली.

मग हा डिजिटल रुपया कोण?

यूपीआयच्या या गोंधळात एक वेगळीच गोष्ट बाजूला राहिली. रिझर्व्ह बँकेने खुद्द डिजिटल रुपया काढला आहे आणि त्याची किरकोळ वापरासाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी ज्या पहिल्या चार शहरांत सुरू झाली, त्यांत मुंबई, नवी दिल्ली आणि भुवनेश्वरबरोबर बंगळुरूही होतं. त्याआधी २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी त्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन 'नोट' या शब्दात डिजिटल नोटही आली. मार्च २०२५ अखेर १७ बँका आणि सुमारे ६० लाख लोक त्यात सामील झाले होते. चलनात असलेला डिजिटल रुपया होता १,०१६ कोटींचा. कागदी नोटा ३६ लाख कोटींच्या वर आहेत हे लक्षात घेतलं, तर हा समुद्रातला थेंबच. पण थेंबाचं तळं व्हायला मोबाइलच्या जमान्यात वेळ लागत नाही.

पुष्कळांना वाटतं, यूपीआय आणि डिजिटल रुपया एकच. तसं नाही. यूपीआय म्हणजे निरोप. 'माझ्या खात्यातून काढ आणि त्याच्या खात्यात टाक' असा बँकेच्या मुनीमजींना पाठवलेला निरोप. साहजिकच मुनीमजी तो वहीत लिहून ठेवतात. डिजिटल रुपया म्हणजे प्रत्यक्ष नोटच, फक्त कागदाऐवजी मोबाइलमधल्या पाकिटात ठेवलेली. तिच्यावर व्याज मिळत नाही. खात्यातून हजार रुपये काढून पाकिटात भरले, तर भरल्याची नोंद खात्यात होते. पुढे तुम्ही ते कुणाकुणाला दिले, ते पासबुकात उमटत नाही. एटीएममधून पैसे काढल्यासारखंच झालं. मात्र दुकानदाराच्या यूपीआयच्या क्यूआर कोडवर ही रक्कम दिली, की ती त्याच्या बँक खात्यात जमा होते आणि त्याच्यापुरती पुन्हा वहीत चढते.

ऐकायला छान वाटतं. रिझर्व्ह बँकही सुरुवातीपासून सांगत आली आहे, की रोख रकमेसारखी अनामिकता हा चलनाचा गुण आहे आणि तो राखायला हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने जी संकल्पना-टिपणी प्रसिद्ध केली, तिच्यातही लहान व्यवहारांना मोकळीक आणि मोठ्या व्यवहारांचा माग, असा मधला मार्ग मांडलेला आहे. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी २०२४ मध्ये म्हटलं होतं, की व्यवहारांच्या नोंदी कायमच्या पुसून टाकणं किंवा तसा कायदा करणं, या मार्गांनी हे साधता येईल. ऑगस्ट २०२४ मध्ये तर ते बंगळुरूच्याच परिषदेत बोलले, की लोकांवर आणि अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो ते नीट समजेपर्यंत देशभर डिजिटल रुपया आणायची घाई करू नये. चांगला विचार आहे.

तरीही एक फरक उरतोच. कागदी नोटेला स्मरणशक्ती नाही. ती काल कुणाच्या गल्ल्यात होती आणि परवा कुणाच्या ओटीत होती, हे तिला विचारूनही सांगता येणार नाही. डिजिटल नोटेचं पाकीट मोबाइल नंबराशी आणि बँकेशी बांधलेलं असतं. म्हणजे तिला स्मरणशक्ती आहे, आणि ती वापरायची नाही असं कुणी तरी ठरवलेलं आहे. कागदी नोट गप्प बसते कारण ती मुकी आहे. डिजिटल नोट गप्प बसते ती मालकाने सांगितलं म्हणून. मालकाचं मन बदललं तर?

डाळीचा डबा बोलू लागला तर

'ज्याने काही वाईट केलं नाही त्याने कशाला घाबरायचं?' असं म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांनी नोव्हेंबर २०१६ ची आठवण काढावी. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरच्या गृहिणींनी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे नवऱ्यासमोर टेबलावर येऊन पडले. कुणी हसलं, कुणाला कौतुक वाटलं, तर कुठे भांडणंही झाली. हे काय काळं धन होतं? किराणातून वाचवलेलं, भाऊबीजेला ओवाळणीत आलेलं, आईने जाताना मुठीत कोंबलेलं ते धन. जून २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने हीच गोष्ट निकालात मान्य केली. नोटाबंदीच्या काळात गृहिणीने अडीच लाखांपर्यंत भरलेली रोकड म्हणजे लपवलेलं उत्पन्न समजू नये, असं तिने सांगितलं.

हे पैसे झाकून ठेवण्यामागे हौस कमी आणि गरज जास्त असते. नवऱ्याला दारूचं व्यसन असेल तर मुलांची फी त्या डब्यातून जाते. म्हाताऱ्या आईच्या औषधाला चार पैसे पाठवायचे असतात आणि घरात त्यावरून कुरकुर नको असते. एखादीला मनाच्या आजाराच्या डॉक्टरकडे जायचं असतं. आणि एखादीला मार खाऊन-खाऊन शेवटी माहेरच्या गाडीचं तिकीट काढायचं असतं. अशा बाईला पाळत ठेवणारं सरकार फार लांबचं वाटतं. तिच्यावर पाळत ठेवणारा माणूस त्याच घरात, त्याच खोलीत असतो. मोबाइल त्याचा, नंबर त्याच्या नावावर, प्रत्येक खर्चाचा संदेश त्याच्याकडे. रोख रकमेने तिला जी फट ठेवलेली होती, ती बुजली तर तिने जायचं कुठे?

तेव्हा प्रश्न फक्त करचुकव्यांचा नाही. करचुकव्याला वकील मिळतो, सल्लागार मिळतो. झाकली मूठ उघडली की खरं नुकसान होतं ते ज्याच्या मुठीत थोडंच असतं त्याचं.

नोटेला सूचना देता आली तर

डिजिटल रुपयात आणखी एक कळ आहे. तो कशासाठी, कुठे आणि कधीपर्यंत खर्च करायचा, हे त्याच्यातच लिहून ठेवता येतं. याचा उपयोग चांगलाही होतो. स्टेट बँकेने ओडिशा आणि आंध्र प्रदेशात कुळाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हा प्रयोग केला. जमिनीचे कागद नावावर नसल्याने ज्यांना कर्ज मिळत नव्हतं, त्यांना बी-बियाणं आणि खतासाठीच खर्च होईल असा रुपया दिला, की बँकेलाही भरवसा आणि शेतकऱ्याचंही काम. खोटं कशाला बोला, याने सावकाराचा फास थोडा सैल होत असेल तर स्वागतच करायला हवं.

पण किल्ली तीच, हात वेगळा, असंही होऊ शकतं. उद्या घरातल्या म्हातारीचं अनुदान अमुकच दुकानात, अमुकच वस्तूंवर, तीस तारखेच्या आत खर्च झालं पाहिजे असं कुणी ठरवलं तर? तिला नातवासाठी खेळण्यातली गाडी घ्यायची असली तर? पण पैसा हातात आला की तो आपला, ही आपली समजूत आहे. सूचनांसकट आलेला पैसा हा अर्धा आपला आणि अर्धा देणाऱ्याचा.

जगभर हीच चर्चा आहे. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने डिजिटल युरोबद्दल लोकांची मतं मागवली. आठ हजारांहून जास्त उत्तरं आली आणि ४३ टक्के लोकांनी सगळ्यात आधी मागितली ती खासगी व्यवहारांची गुप्तता. चीनने आपल्या डिजिटल युआनसाठी 'नियंत्रित अनामिकता' असा शब्द काढला. म्हणजे दुकानदाराला तुम्ही दिसणार नाही, पण गरज पडली तर सरकारला दिसाल. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तर सरकारी डिजिटल डॉलरलाच आदेश काढून बंदी घातली. आपण यांतल्या कुणाचीच नक्कल करायला नको. आपल्याकडे आपली वाट दाखवणारा माणूस होऊन गेला, आणि तोही बंगळुरूचाच.

८६ वर्षांच्या गृहस्थांचा अर्ज

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन बंगळुरूत राहत होते. २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ज्या वयात माणसं बागेत फेरी मारून देवाचं नाव घेतात, त्या वयात हे गृहस्थ सरकारला विचारत होते, की लोकांची माहिती गोळा करता ती कुठल्या कायद्याने? त्याच खटल्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमुखाने निकाल दिला, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात त्याची कसोटीही आली. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि कारवाई गरजेपुरतीच हवी. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये, ९८ व्या वर्षी वारले. पण त्यांची फूटपट्टी आपल्याजवळ आहे.

त्याही आधी, २००४ मध्ये, बंगळुरूचंच मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की कागदपत्रं बँकेकडे दिली म्हणून माणसाची गुप्तता संपत नाही. ती गुप्तता जागेची नसते, माणसाची असते. कपाट दुसऱ्याच्या घरात असलं तरी आतली पत्रं आपलीच, असं साध्या शब्दांत म्हणता येईल.

आता ही फूटपट्टी डिजिटल रुपयाला लावून पाहा. हेतू चांगला आहे, हे मान्य. पण २०२२ ची कायदेदुरुस्ती नोट डिजिटल असू शकते एवढंच म्हणते. त्या नोटेच्या मागावर कोण आणि कधी जाऊ शकतो, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे आज आपल्याजवळ अधिकाऱ्यांचा चांगला शब्द आहे, आणि अधिकारी तर बदलत असतात.

मागणं फार मोठं नाही. किती रुपयांपर्यंतच्या व्यवहाराकडे कुणीही पाहायचं नाही, ती मर्यादा कायद्यात आकड्याने लिहिलेली असावी. तिच्या वर पाहायचं असेल तर लेखी कारण आणि वरिष्ठांची परवानगी असावी. ज्याने पाहिलं त्याच्या पाहण्याचीही नोंद राहावी आणि ज्याचं पाहिलं त्याला पुढे कधी तरी कळावं. आणि रोख पैसे देण्या-घेण्याची वाट बंद होऊ नये. पाटी कुठलीही लागो, म्हातारीच्या हातातली वीसची नोट नाकारली जाऊ नये.

तोवर घरात करण्यासारखंही काही आहे. घरातल्या बाईचं खातं आणि पाकीट तिच्या स्वतःच्या नंबरावर असू द्या, आणि त्याची गुप्त संख्या तिच्याकडेच राहू द्या. दुकान चालवत असाल तर धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. मेव्हण्याचे हातउसने चहाच्या गल्ल्यात मिसळले, तर उद्या ते निस्तरताना नाकी नऊ येतील. आणि मुलाने किंवा सुनेने कुठे खर्च केला ते मोबाइलमध्ये डोकावून पाहण्याची सवय असेल, तर ती आधी आपण सोडू या. घरात जी चौकशी चालते, तिचीच मोठी आवृत्ती बाहेर दिसली की आपल्याला राग येतो!

आपल्या कागदी नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने एक वचन छापलेलं असतं, की धारकाला तेवढे रुपये मिळतील. कागदाच्या नोटेला ते एकच वचन पुरत होतं, कारण चुगली करणं तिला येतच नव्हतं. डिजिटल नोटेला दुसरंही एक वचन लागेल, आणि त्यावर गव्हर्नरांबरोबर संसदेचीही सही लागेल.